लेथवरचे टर्नर सीएनसीवर आणायचे आहेत: सुरुवात कुठून करावी?

गाळा नं. ७

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं छोटं मशीन शॉप. सात कन्व्हेन्शनल लेथ, दोन मिलिंग, एक रेडियल ड्रिल. पुढच्या महिन्यात पहिलं सीएनसी (संगणकाने चालणारं) टर्निंग सेंटर येतंय. आठ इंची हायड्रॉलिक चक, आठ टूलचा टरेट, फानुक ०आय कंट्रोल. माल बहुतेक ईएन८ स्टील, व्यास २५ ते ८० मिमी; पिना, बुशी, छोट्या फ्लँज. लॉट ५० ते ५०० नगांचे.

चार टर्नर आहेत, वयं ३८ ते ५५. लेथवर एच७ चा (बारीक टॉलरन्सचा) बोअर डोळे मिटून काढतील अशी माणसं. पण स्क्रीनला हात लावायला बिचकतात, आणि दोघांना इंग्रजी वाचणं जड जातं. मशीनवाले तीन दिवसांचं ट्रेनिंग देणार आहेत. त्या तीन दिवसांत काय पदरात पाडून घ्यावं? पुढे आपल्याकडे किती आठवडे आणि कोणत्या क्रमाने शिकवावं? प्रोग्रॅमर बाहेरून घ्यावा की यांच्यातलाच तयार करावा? मशीन उतरण्याआधी काय तयार हवं?

'यूट्यूबवर सगळं आहे' हे उत्तर कृपया नको.

---

बोरिंगबार

तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये बहुतेक वेळा जी-कोडची (प्रोग्रॅममधल्या आज्ञांची) यादी वाचून दाखवतात, एक नमुना जॉब काढून देतात आणि सही घेऊन जातात. तुम्ही आधीच सांगा की तुमचाच एखादा जॉब, तुमच्याच ड्रॉइंगवरून, तुमच्या माणसाच्या हातून काढून घ्यायचा. येणाऱ्या इंजिनिअरने बटणाला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. एवढी एक अट घातली तरी तीन दिवस कारणी लागतात.

क्रम असा ठेवा: मशीन चालवणं, मग वेअर ऑफसेट (टूलची झीज भरून काढायला टाकायचा आकडा), मग टूल सेटिंग, मग चालू प्रोग्रॅम वाचणं, मग त्यात दुरुस्ती, आणि अगदी शेवटी कोऱ्या पानावर प्रोग्रॅम लिहिणं. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. पंचावन्न वर्षांच्या टर्नरसमोर पहिल्याच दिवशी जी७१ ची ओळ ठेवली की त्याला वाटतं, आपलं शिक्षण कमी पडतंय. प्रत्यक्षात जी७१ म्हणजे तो रोज हाताने करतो तेच: दोन-दोन मिमीचे पास घेत रफिंग, फिनिशला थोडं शिल्लक. हे तसंच सांगा, समजतं.

जुन्या टर्नरची खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. कितीतरी लेथवर क्रॉस स्लाइडची डायल त्रिज्येवर असते. जॉब ४० मायक्रॉन मोठा आला तर तो डायल २० नेच आत नेतो. अनेक वर्षांची हाताची सवय आहे ती. सीएनसीवर एक्स, म्हणजे क्रॉस स्लाइडचा अक्ष, व्यासात असतो. ४० मोठा असेल तर वेअरमध्ये पूर्ण ४० उणे टाकायचे. सवयीने २० टाकले की जॉब २० ने मोठाच राहतो, आणि माणूस म्हणतो, मशीन ऐकत नाही. तुमच्या सातही लेथच्या डायल कशावर आहेत ते आधी बघा, आणि ही गोष्ट पहिल्या दिवशी, स्क्रीन दाखवण्याच्याही आधी, फळ्यावर लिहा.

दुसरी जागा म्हणजे ऑफसेटच्या पानावरच्या दोन सॉफ्ट की: 'इनपुट' आणि '+इनपुट'. पहिली आधीचा आकडा पुसून नवा लिहिते. दुसरी आधीच्या आकड्यात मिळवते. समजा वेअर एक्समध्ये आधीच -०.०६० आहे आणि जॉब अजून ०.०४० मोठा येतोय. -०.०४० लिहून '+इनपुट' दाबलं तर -०.१०० होतं, माप बरोबर येतं. 'इनपुट' दाबलं तर नुसता -०.०४० राहतो, म्हणजे टूल उलट मागे सरकलं. पुढचा जॉब ०.०६० मोठा. मग माणूस घाबरून आणखी काहीतरी टाकतो, आणि तिथून गोंधळ वाढत जातो. नियम एकच ठेवा: ऑपरेटरने वेअरमध्ये फक्त '+इनपुट' वापरायचं. 'इनपुट' ही की फक्त सेटरची, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देणाऱ्याची.

---

मायक्रॉन

बोरिंगबार यांच्याशी सहमत. वेअरवरच थोडी भर घालतो, कारण सुरुवातीचं बहुतांश रिजेक्शन इथूनच येतं.

इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी कड) झिजत जातं तसा बाहेरचा व्यास वाढत जातो आणि ऑपरेटर थोडं थोडं उणे टाकत जातो. कड संपेपर्यंत वेअर -०.१५० वगैरे झालेलं असतं. आता नवी कड लावली आणि तोच आकडा ठेवून सायकल स्टार्ट दिलं, तर पहिलाच जॉब लहान निघणार. बाहेरचा व्यास लहान झाला की तो जॉब गेला, त्याला औषध नाही. म्हणून नवी कड लावली की पहिल्यांदा वेअर एक्स +०.२०० करायचं, जॉब काढायचा, मायक्रोमीटरने मोजायचं आणि जेवढा मोठा आला तेवढं उणे करायचं. बोअरसाठी चिन्ह उलटं, तिथे -०.२००. या आकड्याला मात्र 'इनपुट' लागते, त्यामुळे कड बदलल्यावर सेटरला बोलवायचं किंवा ही एक परवानगी ऑपरेटरला लेखी द्यायची. दोन्ही चालतं. अर्धवट ठेवलेलं चालत नाही.

कंट्रोलमध्ये वेअर ऑफसेटची कमाल मर्यादा आणि एका वेळी किती वाढवता येईल याची मर्यादा असे दोन पॅरामीटर असतात; ०आय टर्निंगला ते ५०१३ आणि ५०१४. येणाऱ्या इंजिनिअरकडून तुमच्या मॅन्युअलप्रमाणे सेट करून घ्या. एका वेळची मर्यादा ०.१०० ठेवली तर -०.०४ ऐवजी -०.४ टाइप झालेलं मशीन घेतच नाही. पैसे न लागणारं सुरक्षेचं काम आहे हे, आणि तरीही बहुतेक ठिकाणी पॅरामीटर कंपनीतून आले तसेच असतात.

दशांश चिन्हाचंही बघा. फानुकमध्ये ३४०१ च्या पहिल्या बिटवर ठरतं की प्रोग्रॅममधला 'एक्स५०' म्हणजे ५० मिमी की ५० मायक्रॉन. मायक्रॉनवर असेल आणि कुणी एमडीआयमध्ये (एकेक आज्ञा हाताने टाइप करून चालवताना) टिंब न देता एक्स५० लिहिलं, तर टूल ५० व्यासावर न थांबता थेट सेंटरकडे, म्हणजे जॉबमध्ये घुसतं. तुमच्याकडे एकच मशीन असताना कळणार नाही. दुसरं आलं आणि त्यावर सेटिंग वेगळं असलं की कळेल. टिंब द्यायचंच, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

---

रबाळे लोकल

वरचं सगळं मान्य, पण प्रोग्रॅमर बाहेरून घ्यावा का, यावर थोडं उलट बोलतो. पहिलं मशीन असताना एक तयार सेटर बाहेरून घ्या, निदान सहा महिन्यांसाठी. लॉट ५० चा असेल तर दिवसाला एक-दोन सेटिंग होतील. टर्नर शिकेपर्यंत मशीन रोज चार तास उभं राहिलं, तर हप्ता काय टर्नर भरणार आहे?

---

बोरिंगबार

@रबाळे लोकल, सेटर घ्या, पण त्याच्या कामात 'शिकवणं' लेखी असू दे. नाहीतर तो सगळं स्वतःच्या डोक्यात आणि स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये ठेवतो, आणि महाप्याला दोन हजार जास्त मिळाले की जातो. प्रत्येक सेटिंगचा कागद हवा: कोणत्या स्टेशनला कोणतं टूल, कोणतं इन्सर्ट, टूल किती बाहेर, जॉ (चकचे जबडे) कोणते, चकचा दाब किती, जॉब जॉमध्ये किती मिमी धरलाय, प्रोग्रॅम नंबर आणि बदल क्रमांक. सोबत एक फोटो. हा कागद नाही तर पहिला जॉब पास करायचा नाही.

आणि आयटीआय झालेल्या पोराला बटणं पटकन येतात, पण चिप निळी पडतेय की चंदेरी, आवाज कुठे बदलला, हे तुमच्या टर्नरला कळतं. कटिंग शिकवायला वर्षं लागतात, कंट्रोल शिकवायला महिने. त्यामुळे माझं मत टर्नरच्याच बाजूने.

---

रबाळे लोकल

पेनड्राइव्हचं पटलं. ते लेखी घेतलंच पाहिजे.

---

कूलंटवाली

मशीन उतरण्याआधीची तयारी कुणी लिहिली नाही, ती लिहिते.

अर्थिंग वेगळं घ्या, जुन्या पॅनेलच्या अर्थला जोडू नका. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर मशीन चालू करण्याआधीच इलेक्ट्रिशियनला लावा. स्टॅबिलायझर मशीनच्या केव्हीएपेक्षा मोठा. हवा ५ ते ६ बार, आणि लाइनवर पाणी काढणारा फिल्टर. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत किती पाणी साचतं ते वेगळं सांगायला नको, टाकीचा ड्रेन रोज उघडायचा.

इलेक्ट्रिकल पॅनेलचा दरवाजा उघडा ठेवून समोर पेडेस्टल फॅन लावणं हे आपल्याकडचं खास औषध. गरमी कमी होते आणि तेलाचा धूर थेट ड्राइव्हवर जाऊन बसतो. पॅनेलचा एसी किंवा हीट एक्स्चेंजर बंद पडला असेल तर तो दुरुस्त करा, फॅन नको.

आता कूलंट. इथे शुक्रवारची सुट्टी, म्हणजे गुरुवारी रात्री बंद झालेली टाकी शनिवारी सकाळपर्यंत जागची हलत नाही. वर स्लाइडवेच्या तेलाचा थर बसतो, खालचं पाणी हवेला मुकतं आणि शनिवारी कुजलेल्या अंड्याचा वास येतो. गुरुवारी शिफ्ट संपताना वरचं तेल स्किमरने काढा आणि फिश टँकला लावतात तसा छोटा एअर पंप टाकीत सोडून ठेवा. शंभर-दोनशे लिटरच्या टाकीला तेवढं पुरतं.

मिश्रण करताना आधी पाणी, मग त्यात तेल. उलटं केलं तर गुठळ्या होतात. टर्निंगला ६ ते ८ टक्के ठेवा. शंभर लिटरला ७ लिटर तेल, ९३ लिटर पाणी. रोजची भर मात्र ३-४ टक्क्यांची, कारण उडून जातं ते पाणी, तेल मागे राहतं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि त्यावर दिसणारा आकडा म्हणजे टक्के नव्हेत हे लक्षात ठेवा. तेलाच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात गुणक दिलेला असतो. गुणक १.५ असेल आणि यंत्रात ४ दिसत असेल तर मिश्रण ६ टक्के आहे. हे काम एका माणसाच्या नावावर लावा. 'सगळ्यांनी बघायचं' म्हटलं की कुणीच बघत नाही.

शेवटचं, बॅटरी. कंट्रोलच्या मेमरीची वेगळी आणि अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची वेगळी. वर्षातून एकदा, तारीख लिहून, मशीन चालू असताना बदलायची. बंद करून बदलली तर पॅरामीटर किंवा होम पोझिशन जाते आणि मग इंजिनिअरची वाट बघत बसावं लागतं. स्क्रीनवर 'बॅट' लुकलुकायला लागल्यावर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. पॅरामीटर, प्रोग्रॅम आणि ऑफसेट यांचा बॅकअप ट्रेनिंगच्या तीन दिवसांतच घेऊन ठेवा. तीन दिवसांत काय मिळवायचं विचारलंत ना, त्यात हे पहिलं.

---

गाळा नं. ७

बॅकअपचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद.

इंग्रजीचं काय करावं? अलार्म आला की दोघं जण रीसेट दाबून मोकळे होतात.

---

मायक्रॉन

अलार्मची सगळी पुस्तिका मराठीत करायला जाऊ नका, कुणी वाचत नाही. पहिली दोन अक्षरं ओळखायला शिकवा. ए४ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, लॅमिनेट करून स्क्रीनशेजारी चिकटवा:

पीएस: प्रोग्रॅममध्ये चूक. सेटरला बोलवा.
ओटी: अक्ष हद्दीबाहेर गेला. हँडव्हीलने उलट दिशेला आणा, मग रीसेट.
एसव्ही: सर्व्हो. हात लावू नका, फोटो काढा, मेंटेनन्सला फोन.
ईएक्स: मशीन बनवणाऱ्याने लावलेला अलार्म. आधी ल्युब तेलाची पातळी, चकचा दाब, हवेचा दाब बघा.

कागदावर ही अक्षरं स्क्रीनवर दिसतात तशीच, रोमन वळणाची रंगवा. मराठी फक्त समोरच्या सूचनेला. रीसेटच्या आधी फोटो, हा नियम. मोबाइल सगळ्यांच्या खिशात असतो, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

---

बोरिंगबार

सवयींचं राहिलं होतं. लेथवर फिरत्या जॉबला एमरी पेपर लावून फिनिश आणायची पद्धत आहे. सीएनसीवर हे कायमचं बंद. दरवाजाच्या इंटरलॉकला चुंबक किंवा जादा चावी अडकवून उघड्या दरवाजाने चालवणंही बंद. हातमोजे घालून चकजवळ जायचं नाही, लांब चिप हुकाने ओढायची.

फिनिशसाठी एमरी लागतो कारण फीड चुकलेला असतो. ०.८ नोझ रेडियस आणि ०.२ फीडला खाचेची खोली साधारण ६ मायक्रॉन येते, फीड ०.१ केला की दीड. फीडचा वर्ग भागिले (आठ गुणिले रेडियस), एवढाच हिशोब. टर्नरला हे एकदा त्याच्याच जॉबवर दाखवा, एमरी आपोआप सुटतो.

आणखी एक. लेथवर आरपीएम गिअरने बांधलेला असतो, इथे जी९६ (कापण्याचा वेग स्थिर ठेवणारी आज्ञा) लावलं की व्यास कमी होईल तसा आरपीएम वाढतो. २०० मीटर प्रतिमिनिटाला ५० व्यासावर सुमारे १२७० आरपीएम, २५ वर २५४०. फेसिंग करताना टूल सेंटरकडे गेलं की मशीन कमाल वेगाला पोचतं. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी५० एस२००० अशी आरपीएमची मर्यादा हवीच. वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड कमी होते. फ्लँज जेमतेम ८ मिमी धरलेली असेल तर ती सुटून दरवाजावर येते. मर्यादा किती ठेवायची ते चक, जॉ आणि धरलेल्या लांबीवर ठरवा. २००० हा काही मंत्र नाही.

सॉफ्ट जॉ बोअर करताना चकचा दाब तोच ठेवा ज्या दाबावर जॉब धरणार आहात. कमी दाबावर बोअर केले आणि जास्त दाबावर धरलं की जॉ वाकतात, रनआउट येतो, आणि दोष प्रोग्रॅमला जातो.

---

हजेरीपट

माणसांच्या बाजूने लिहितो, कारण वरच्या सगळ्याला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाच्या खात्यातून जाणार हे कुणी ठरवत नाही.

डिलिव्हरीच्या वेळापत्रकात पहिले आठ आठवडे मशीनचे रोज दोन तास 'शिक्षण' म्हणून लिहा. ग्राहकाला तारीख देताना ते दोन तास वजा करूनच द्या. नाही लिहिले तर पहिल्या तातडीच्या ऑर्डरला शिक्षण गुंडाळलं जातं. शुक्रवारी बोलावून शिकवायची कल्पना सुचेल, पण सुट्टीच्या दिवशीचं शिक्षण कुणाला मानवत नाही, आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइम द्यावा लागतो तो वेगळाच. शनिवारी सकाळी तसंही मशीन गरम करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात: स्पिंडल ५००, १०००, १५०० अशा पायऱ्यांनी, अक्ष मागे-पुढे. तेव्हाच चौघांना समोर उभं करून एक विषय घ्या.

कौशल्य तक्ता भिंतीवर लावा. आडवी कामं: चालवणं, मोजमाप, वेअर, टूल सेटिंग, जॉ बोअरिंग, प्रोग्रॅम वाचणं, दुरुस्ती, लिहिणं. उभी नावं. प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ: एक भाग म्हणजे बघितलंय, दोन म्हणजे कुणी शेजारी असताना करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. भाग भरताना काम करून दाखवायचं, तोंडी उत्तर चालणार नाही. टूल सेटिंगला तीन भाग हवेत? मग नवं टूल लावून पहिल्या जॉबचं माप टॉलरन्समध्ये आणून दाखवा, सलग तीनदा.

शिकवण्याची पद्धत जुनीच आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेत युद्धकाळी कारखान्यांसाठी बसवलेली: आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला किती येतं ते विचारा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि प्रत्येक पायरीला तो का करतोय ते त्यानेच बोलू दे, मग एकटं सोडून अधूनमधून बघा. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मुंडी हलवली म्हणजे समजलं, असं धरून चालतात.

पैशांबद्दल स्पष्ट बोला. तीन भाग किती चौकटींत भरले की भत्ता किती, हे मशीन यायच्या आधी ठरवून चौघांना सांगा. बाँड लिहून घेणाऱ्यांची माणसं थांबतातच असं नाही, बाँड संपायची तारीख तेवढी पाठ होते. आणि लेथवर राहणाऱ्याची किंमत कमी झाली असं वाटू देऊ नका. एखाद-दुसऱ्या नगाचं काम, दुरुस्तीचं काम लेथवरच परवडतं.

शिकाऊ मुलगा घ्यायचा विचार असेल तर शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र उचलतं. नोंदणी ऑनलाइन. ठाण्यातल्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना थेट भेटा, ईमेलच्या उत्तराची वाट बघू नका.

---

गाळा नं. ७

छान माहिती. प्रिंट काढून गाळ्यात लावतोय. आठ आठवड्यांची विभागणी अशी केली आहे, चूक असेल तर सांगा: पहिले दोन आठवडे चालवणं आणि वेअर, एकच जॉब, ४० व्यासाची पिन. तिसरा-चौथा टूल सेटिंग आणि जॉ. पाचवा-सहावा प्रोग्रॅम वाचणं. सातवा-आठवा दुरुस्ती. लिहिणं पुढच्या तिमाहीत, फक्त दोघांना.

---

मायक्रॉन

विभागणी ठीक. एकच बदल सुचवतो. पहिल्या दोन आठवड्यांत नवीन प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवण्याची कवायतही घ्या: सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) २५ टक्के, फीडच्या नॉबवर हात, नजर स्क्रीनवरच्या 'उरलेलं अंतर' या आकड्यावर. टूल जॉबपासून २० मिमीवर दिसतंय आणि आकडा ६० सांगतोय, तर लगेच थांबवायचं, ऑफसेट चुकलाय. पाचव्या आठवड्यापर्यंत थांबलात तर ही सवय लागायच्या आधीच कुणीतरी पूर्ण रॅपिडवर सायकल स्टार्ट दिलेलं असेल.

पिनेचा माल १०० नगांऐवजी १२० कापा. वीस जॉब मुद्दाम चुकीचा वेअर टाकून परत बरोबर आणायला ठेवा.

---

गाळा नं. ७

१३० कापायला सांगतो. चौघांपैकी एक जण डावखुरा आहे, नॉबवर हात ठेवून बघायची त्याची जागा बदलावी लागेल.